पोटातला रक्तस्राव कोण ओळखणार? शिकाऊ सर्जनच्या हाती सोनोग्राफी का हवी

मुकुटबन (ता. झरी जामणी) : अपघातात डोके फुटले तर रक्त दिसते. पाय मोडला तर वाकडा पाय दिसतो. पण पोटात प्लीहा फुटली तर बाहेरून काहीच दिसत नाही. माणूस बोलत असतो, पाणी मागतो, "काही नाही झालं, थोडा मुक्का मार लागला" असे म्हणतो. आणि तासाभरात त्याचा चेहरा पांढरा पडायला लागतो. आपल्या भागातल्या बहुतेक गावांत असा एखादा तरी किस्सा सांगितला जातो. त्यात शेवटी एकच वाक्य असते, "आतून मार लागला होता, कोणाच्या ध्यानातच आला नाही."

हा आतला मार पलंगाशेजारी उभे राहून चार-पाच मिनिटांत ओळखायची एक सोपी तपासणी आहे. लागते फक्त एक छोटे सोनोग्राफी मशीन आणि ते वापरायला शिकलेला डॉक्टर. मशीनची चर्चा आपल्याकडे खूप होते. निवेदने मशीनसाठी दिली जातात, उद्घाटनाची फीत मशीनसमोर कापली जाते. पण ते हातात धरून पाहणार कोण, आणि त्याला ते कोणी शिकवले, हा प्रश्न फारसा कोणी विचारत नाही. आजचा विषय तोच आहे.

आपला रस्ता, आपले अंतर

मुकुटबन-वणी भागात कोळसा आहे, सिमेंट कारखाना आहे. रस्त्यावर रात्रंदिवस जड ट्रक. त्याच रस्त्याने शाळेची पोरे, दूधवाले, कापसाची बंडी आणि तिघे बसलेली मोटरसायकल जाते. शिवाय शेतीचे अपघात वेगळेच. बैलाचे शिंग पोटात लागणे, ट्रॅक्टर उलटणे, विहिरीच्या काठावरून पडणे. यातले बरेच मार पोटाला आणि छातीला बसतात.

पेशंट निघतो कुठून आणि पोहोचतो कुठे, ते बघा. आधी जवळचा सरकारी दवाखाना. तिथून वणी किंवा पांढरकवडा. तिथून चंद्रपूर, यवतमाळ, नाही तर नागपूर. सीमेकडच्या गावांतले लोक आदिलाबादला जातात. मुकुटबनहून वणी तीस किलोमीटरच्या आसपास, यवतमाळ शंभराच्या वर. प्रत्येक ठिकाणी उतरवायचे, तपासायचे, चिठ्ठी लिहायची आणि पुन्हा गाडीत चढवायचे. १०८ ची रुग्णवाहिका सेवा राज्यात २०१४ पासून आहे आणि तिने अनेक जीव वाचवले. पण गाडी कितीही लवकर आली तरी ती पेशंटला कुठे नेणार, हे कोणीतरी नीट ठरवावे लागते. पोटात रक्त साचत असेल तर मधल्या दोन थांब्यांचा काही उपयोग नसतो. त्याला जिथे सर्जन, भूलतज्ज्ञ आणि रक्तपेढी आहे तिथेच न्यावे लागते.

ही तपासणी नेमकी काय?

तिला डॉक्टर लोक "फास्ट" म्हणतात. मार लागलेल्या माणसाची नेमक्या जागांची सोनोग्राफी, असा त्याचा अर्थ. नेहमीच्या सोनोग्राफीत रेडिओलॉजिस्ट प्रत्येक अवयव मोजतो, रिपोर्ट लिहितो. "फास्ट"मध्ये डॉक्टर एकाच प्रश्नाचे उत्तर शोधतो, आत मोकळे रक्त आहे की नाही?

शेतकऱ्याला हे लगेच समजेल. पाऊस पडला की वावरातले पाणी खोलगट कोपऱ्यात साचते. पाणी कुठे आहे हे पाहायला सगळे वावर पालथे घालावे लागत नाही, तो कोपरा पाहिला की पुरे. माणूस पाठीवर झोपला की पोटातले रक्तही असेच ठरलेल्या खोलगट जागी जाते. उजवीकडे यकृत आणि मूत्रपिंड यांच्या मधे. डावीकडे प्लीहेच्या भोवती. खाली लघवीच्या पिशवीच्या मागे. या तीन जागा पोटाच्या, आणि चौथी जागा हृदयाभोवतीच्या आवरणाची. सोनोग्राफीत ताजे पातळ रक्त काळे दिसते, अवयव राखाडी दिसतात. राखाडीच्या मधे काळी पट्टी दिसली की शंका पक्की. पुढे यात छातीची तपासणी जोडली गेली. फुप्फुस हलते आहे की त्याच्या बाहेर हवा कोंडली आहे, हेही कळते. झोपलेल्या पेशंटच्या एक्स-रेमध्ये ही हवा कित्येकदा सुटून जाते, सोनोग्राफीत ती जास्त चांगली सापडते.

यात इंजेक्शन नाही, किरणोत्सर्ग नाही, पेशंटला हलवावे लागत नाही. एकीकडे सलाईन चालू असताना दुसरीकडे ही तपासणी होऊ शकते.

निकालावरून निर्णय होतो. रक्तदाब कोसळलेला आहे आणि पोटात रक्त दिसते आहे, तर सिटी स्कॅनची वाट न पाहता ऑपरेशनची तयारी करायची. सोय नसेल तर सोय असलेल्या ठिकाणी थेट पाठवायचे आणि तिथे आधीच फोन करून रक्ताची व्यवस्था लावायची. रक्तदाब ठीक असेल तर सिटी स्कॅन करून नेमकी इजा पाहायला वेळ असतो.

ही तपासणी फक्त अपघातापुरती नाही. गर्भ गर्भाशयाच्या बाहेर नळीत राहिला आणि नळी फुटली, तर बाईच्या पोटात असाच रक्तस्राव होतो. पाळी चुकलेली, पोट दुखते, चक्कर येऊन पडली, अशी बाई दवाखान्यात आली तर याच चार जागा पाहून जीव वाचू शकतो. शिवाय गळू पिकले आहे की नुसती सूज, पित्ताशयात खडे आहेत का, लघवी अडून पिशवी तुंबली आहे का, अशा गोष्टीही सर्जन स्वतः पलंगाजवळ पाहू शकतो.

हात कसा तयार होतो?

सर्जनने स्वतः सोनोग्राफी करणे ही काही कालची कल्पना नाही. युरोपात, विशेषतः जर्मनीत, सर्जन मंडळी १९७० च्या दशकापासून हे करत आली. त्याआधी पोटात रक्त आहे का पाहायला बेंबीजवळ छोटा छेद देऊन नळी घालत, सलाईन आत सोडत आणि ते लाल होऊन बाहेर येते का ते पाहत. ही पद्धत १९६५ पासूनची. १९९० च्या दशकात अमेरिकेत सर्जन मंडळींनी सोनोग्राफी उचलली आणि "फास्ट" हे नाव रूढ झाले. आपल्याकडे दिल्लीच्या एम्सच्या ट्रॉमा सेंटरमध्ये यासाठी खास कोर्स तयार झाला. रेडिओलॉजिस्ट नसलेल्या निवासी डॉक्टरांनी, नीट शिकल्यावर, केलेल्या तपासणीचे निकाल रेडिओलॉजिस्टच्या निकालांच्या जवळ जातात, असे तिथल्या अभ्यासांत आढळले.

इथे "नीट शिकल्यावर" हे महत्त्वाचे. एक दिवसाची कार्यशाळा केली, जेवण झाले, प्रमाणपत्र घेतले, फोटो काढला, एवढ्याने हात तयार होत नाही. ट्रॅक्टर चालवायचा व्हिडिओ पाहून कोणी नांगरट करत नाही. अमेरिकेतल्या तातडीच्या उपचारांच्या डॉक्टरांची संघटना सांगते की एका प्रकारच्या तपासणीसाठी साधारण २५ ते ५० वेळा, जाणकाराच्या नजरेखाली, तपासणी केलेली असावी. म्हणजे शिकाऊ डॉक्टरने चित्र काढायचे, जाणकाराने ते तपासायचे, आणि पुढे ऑपरेशनमध्ये किंवा सिटी स्कॅनमध्ये काय निघाले त्याच्याशी जुळवून पाहायचे. चूक झाली असेल तर ती वहीत लिहायची.

सराव कुठे करायचा? रोज अपघाताचा पेशंट येईलच असे नाही. पण दारूने यकृत खराब होऊन पोटात पाणी झालेले पेशंट मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या वॉर्डात असतातच. पोटातले हे पाणी सोनोग्राफीत रक्तासारखेच काळे दिसते. पेशंटची परवानगी घेऊन त्यांच्यावर काळी पट्टी ओळखायला शिकता येते, आणि निरोगी माणसावर पट्टी नसलेले चित्र कसे दिसते ते शिकता येते. शिकवण्याची ही पद्धत जगभर वापरतात, तिला वेगळा खर्च नाही. लागतो तो शिकवणाऱ्याचा वेळ.

मर्यादाही सांगितल्या पाहिजेत

या तपासणीचे गुणगान करताना एक धोका झाकता कामा नये. चित्रात रक्त दिसले नाही म्हणजे मार नाही, असे अजिबात नाही. सरावलेल्या हाताला पोटातले साधारण दोनशे मिलिलिटर रक्त दिसू शकते, नवख्याला त्याहून बरेच जास्त साचल्याशिवाय दिसत नाही. अपघातानंतर लगेच पाहिले तर रक्त साचलेलेच नसते. आतडे फाटले असेल तर ते बऱ्याचदा सुटते. पोटाच्या मागच्या बाजूचा रक्तस्राव दिसत नाही. पेशंट खूप जाड असेल, आतड्यात वायू असेल तर चित्र धूसर येते.

म्हणून शिकवताना दोन गोष्टी आधी शिकवाव्या लागतात. पेशंटची तब्येत आणि चित्र जुळत नसेल तर तब्येतीवर विश्वास ठेवायचा. आणि पहिल्यांदा काही दिसले नाही तर थोड्या वेळाने पुन्हा पाहायचे. अर्धवट शिकलेल्या डॉक्टरने "काही नाही, घरी न्या" म्हटले तर मशीन नसलेले परवडले. रेडिओलॉजिस्ट लोकांचा आक्षेप हाच आहे आणि तो खरा आहे. पण त्यावर उपाय म्हणजे शिकाऊ सर्जनला मशीनपासून दूर ठेवणे नव्हे, त्याला पूर्ण शिकवणे आहे.

कायद्याचा प्रश्न

आता खरी गाठ इथे आहे. सोनोग्राफी मशीन म्हटले की गर्भलिंग निदानाचा कायदा येतो. आणि तो का आला हे महाराष्ट्राला सांगायची गरज नाही. असा कायदा देशात पहिल्यांदा आपल्याच राज्याने १९८८ मध्ये केला. केंद्राचा कायदा १९९४ चा, तो २००३ मध्ये कडक झाला. तरीही राज्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे मुलींची संख्या २००१ च्या ९१३ वरून २०११ मध्ये ८९४ वर आली. २०१२ मध्ये परळीचे प्रकरण उघड झाले, २०१९ मध्ये तिथल्या डॉक्टर दांपत्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. त्यामुळे "कायदा जाचक आहे, सैल करा" असे कोणी म्हणाले तर गावातल्या लेकीबाळींच्या बाजूने आपण आधी नाही म्हणायला हवे.

पण कायदा काय सांगतो तेही पाहू. मशीन कशासाठी वापरता हा मुद्दा नाही. त्यात गर्भाचे लिंग दिसू शकते ना, मग नोंदणी हवीच. ते कोण चालवणार त्यांची नावेही नोंदलेली हवीत. २०१२ च्या नियमाप्रमाणे हलवता येणारे मशीन दोनच प्रकारे वापरता येते. एक, जिथे नोंदणी आहे त्याच इमारतीत, तिथे भरती असलेल्या पेशंटसाठी. दुसरे, इतर आरोग्य सेवाही देणाऱ्या फिरत्या दवाखान्यात. गर्भवतीची तपासणी केली तर एफ नमुना भरावा लागतो. कागदपत्रांतली चूक म्हणजे किरकोळ कारकुनी चूक नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितले.

सोनोग्राफी कोणी करावी यावरही कोर्टबाजी झाली. एमबीबीएस डॉक्टरांसाठी सहा महिन्यांच्या, ३०० तासांच्या प्रशिक्षणाचे नियम २०१४ मध्ये आले. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये त्याविरुद्ध निकाल दिला, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये त्या निकालाला स्थगिती दिली.

या सगळ्याचा परिणाम काय? मशीन एका खोलीत कुलुपात. चावी ज्यांच्याकडे ते आठवड्यातून ठरलेल्या दिवशी येतात. अपघात विभाग दुसऱ्या टोकाला. वहीत नाव नाही म्हणून शिकाऊ सर्जन मशीनला हात लावायला घाबरतो, आणि त्याची भीती चुकीची नाही. हे चित्र आपल्या वाचकांना नवीन नाही.

मात्र नियम नीट वाचला तर त्यात वाट आहे. भरती पेशंटसाठी त्याच इमारतीत हलते मशीन वापरायला मनाई नाही. म्हणजे रुग्णालयाने अपघात विभागासाठी वेगळ्या मशीनची रीतसर नोंदणी करायची, तिथल्या पात्र सर्जनचे नाव त्यात घालायचे, शिकाऊ डॉक्टरने त्यांच्या नजरेखालीच हात चालवायचा आणि प्रत्येक तपासणी वेळेसकट वहीत लिहायची. हा मार्ग कायदा न मोडता निघू शकतो. कोल्हापुरात तत्कालीन जिल्हाधिकारी लक्ष्मीकांत देशमुख यांनी मशीनवर नजर ठेवणारे "सायलेंट ऑब्झर्व्हर" यंत्र बसवले होते. देखरेखीची अशी साधने आपल्याच राज्याने वापरली आहेत. अपघात विभागातल्या मशीनवर कडक नजर ठेवा, पण ते उघडे ठेवा. जिल्ह्याच्या समुचित प्राधिकाऱ्यांनी यावर स्पष्ट लेखी सूचना काढली तर डॉक्टरांची अर्धी भीती जाईल.

तीन महिन्यांची संधी

हा विषय आज मांडायला कारण आहे. एमडी, एमएस करणाऱ्या डॉक्टरांना आता शिक्षणाच्या काळातच तीन महिने जिल्ह्याच्या सरकारी आरोग्य व्यवस्थेत काम करावे लागते. याला जिल्हा निवासी कार्यक्रम म्हणतात. २०२१ च्या तुकडीपासून तो लागू झाला आणि २०२३ च्या नियमांत कायम राहिला. हे तीन महिने केल्याशिवाय शेवटच्या परीक्षेला बसता येत नाही. म्हणजे सर्जन व्हायला निघालेला तरुण डॉक्टर आपल्यासारख्यांच्या जिल्ह्यात येतोच आहे.

तो येतो तेव्हा मोठ्या कॉलेजमधला सिटी स्कॅन त्याच्या मागे राहतो. रात्री दोनला रेडिओलॉजिस्ट मिळत नाही. तिथे त्याच्या हाताशी स्टेथोस्कोप, बीपीचे यंत्र आणि स्वतःची अक्कल एवढेच उरते. चौथी गोष्ट सोनोग्राफीचा हात असायला हवी. यवतमाळचे वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असो, चंद्रपूर, नागपूर असो की सेवाग्राम, तिथून डॉक्टर जिल्ह्यात पाठवण्याआधीच त्याच्या वहीत ठराविक संख्येच्या तपासण्या, जाणकाराच्या सहीने, पूर्ण झालेल्या असाव्यात. आणि जिल्ह्यात आल्यावर त्याने काढलेली चित्रे कॉलेजमधल्या शिक्षकाने आठवड्यातून एकदा तरी पाहावीत. नाही तर शिकलेलेही विसरते.

खेड्यातला सर्जन एकट्याने खूप काही निभावतो, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. धुळे जिल्ह्यातल्या दोंडाईचाचे डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी हर्नियाच्या ऑपरेशनसाठी महागड्या जाळीऐवजी निर्जंतुक केलेले मच्छरदाणीचे कापड वापरून दाखवले, आणि ती पद्धत पुढे इतर गरीब देशांतही गेली. अशा कामाला आधी खेड्याची गरज समजलेला सर्जन लागतो. शिक्षणही त्या गरजेकडे पाहूनच व्हायला पाहिजे.

आपण काय करायचे?

हे झाले सरकार आणि कॉलेजचे. गावकऱ्यांनीही काही गोष्टी ध्यानात ठेवाव्या.

पोटाला किंवा डाव्या बरगड्यांना मार लागला असेल, आणि माणूस पांढरा पडत असेल, थंड घाम येत असेल, नाडी जोरात चालत असेल, उठून बसवले की चक्कर येत असेल किंवा मार नसताना डावा खांदा दुखत असेल, तर आतल्या रक्तस्रावाची शंका धरा. "झोपून बरे वाटेल" म्हणून घरी ठेवू नका. चहा-पाणी पाजू नका, कारण ऑपरेशन लागू शकते. १०८ ला फोन करा. अपघात किती वाजता झाला ते लक्षात ठेवून डॉक्टरला सांगा. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर सांगा. बाई असेल आणि पाळी चुकली असेल तर लाजू नका, ते आधी सांगा.

दवाखान्यात गेल्यावर शांतपणे विचारा, "डॉक्टरसाहेब, पोटात रक्त आहे का ते पाहता येईल का?" पाहिले तर निकाल आणि वेळ रेफरच्या चिठ्ठीवर लिहून मागा. पुढच्या डॉक्टरला त्या एका ओळीचा मोठा आधार होतो. पण डॉक्टर म्हणाले की थांबायला वेळ नाही, लगेच हलवा, तर सोनोग्राफीसाठी अडून बसू नका.

आणि ग्रामसभेत, रुग्णकल्याण समितीत, पुढाऱ्यांसमोर मशीन मागाल तेव्हा सोबत दुसराही प्रश्न विचारा. रात्री बारा ते सकाळी सहा हे मशीन कोण चालवणार? त्याचे नाव नोंदवले आहे का? त्याने किती तपासण्या कोणाच्या हाताखाली केल्या? याची उत्तरे नसतील तर मशीन असून नसल्यासारखेच आहे, हे त्यांना तोंडावर सांगायला हरकत नाही.